नव्या पिकअपचं इंजिन ऑइल पहिल्यांदा कधी बदलायचं? मिस्त्री, दादा आणि पुस्तक, तिघांची तीन तोंडं

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे. दसऱ्याला नवीन डिझेल पिकअप घेतली, बीएस-६. आजचं रनिंग ६,२०० किमी. टोमॅटोचं काम आहे. नारायणगावजवळून आठवड्यातून दोनदा वाशी मार्केट, आळेफाटा-माळशेज-मुरबाड-कल्याण असा रस्ता, जाऊन-येऊन साडेतीनशेच्या आतबाहेर. जाताना ८० क्रेट भरलेले, येताना रिकामे. बाकीचे दिवस गावातच: प्लॉटवरून माल उचलायचा, चार-पाच किलोमीटरवर उपबाजारात उतरवायचा, परत दुसरी खेप.

पहिली फुकट सर्व्हिस झाली. नटबोल्ट आवळले, गाडी धुऊन दिली, ऑइल बदललं नाही. विचारलं तर म्हणाले, २० हजार किमी किंवा एक वर्ष, पुस्तकात लिहिलंय बघा. लिहिलंय खरं.

पण आमचे मिस्त्री म्हणतात, नव्या इंजिनात लोखंडाचा बुरा पडतो, पहिलं ऑइल हजारातच काढायला हवं होतं, आता तरी काढ. दादा (म्हणजे वडील) म्हणतात, ट्रॅक्टरचं पहिलं ऑइल ५० तासांत बदललं होतं, ही गाडी काय आभाळातून पडली का? काल ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली तर ऑइल काळंकुट्ट. दादांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

प्रश्न असे. आत्ताच बदलून टाकू का? बाहेर मिस्त्रीकडे बदललं तर वॉरंटी जाते का? आणि ट्रॅक्टरसाठी आणलेली २० लिटरची बादली अर्धी शिल्लक आहे, तेच ऑइल चालेल का? मिस्त्री म्हणतात, डिझेलचं ऑइल ते डिझेलचं ऑइल. माळशेजचा घाट असल्यामुळे लवकर बदलावं का, हेही सांगा.

स्पॅनर१९
काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलचं ऑइल शे-पाचशे किलोमीटरमध्ये काळं होतंच. ती काजळी आहे. ऑइलमधली रसायनं तिचे कण सुटे धरून ठेवतात, तळाशी बसू देत नाहीत. हजारो किमी चालून डिझेलचं ऑइल मधासारखं सोनेरी राहिलं तर मी उलट काळजी करीन.

बुऱ्याचं म्हणाल तर मिस्त्री अगदीच चुकीचे नाहीत. नवे भाग एकमेकांवर घासून बसतात तेव्हा पहिल्या ऑइलमध्ये लोखंड जास्त असतं. पण पूर्वीच्या इंजिनांत हे प्रमाण फार होतं म्हणून पहिलं ऑइल हजार-दोन हजारांत काढायची पद्धत पडली. आता मशिनिंग सुधारलं, फिल्टरही बरे आले. एकदा लवकर बदललंत तर इंजिनाचं काही वाईट होणार नाही, खिशाचं होईल तेवढंच.

बादलीबहाद्दर
मी तर ५,००० ला बदलतो, कायम. झोप शांत लागते. बाकी शास्त्र तुम्ही सांगा.

घाटमाथा
धागाकर्ते भाऊ, ती बादली या गाडीत ओतू नका, हात जोडतो. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक वगैरेची राख जळत नाही. ती जाळीत साठत जाते आणि जाळी बदलायचा खर्च ऐकलात तर दोन सीझनचा टोमॅटो आठवेल. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या सीके-४ दर्जात ही राख १ टक्क्याच्या आत ठेवावी लागते. हा दर्जा डिसेंबर २०१६ पासून आला. तुमच्या बादलीवर काय लिहिलंय ते इथे टाका.

धागाकर्ता
बादलीवर घट्टपणा २०डब्ल्यू-४० आणि दर्जा सीएफ-४. गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४०, सीके-४.

घाटमाथा
मग विषय संपला. सीएफ-४ हा डीपीएफच्या आधीचा जुना दर्जा. बादली ट्रॅक्टरलाच. आणि नवा डबा घ्याल तेव्हा ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. बनावट माल फार फिरतोय. रिकामा डबा भंगारात सरळ देऊ नका, आधी त्याला भोक पाडा. त्याच डब्यात काहीतरी भरून तो परत दुकानात येतो.

वॉरंटीचं म्हणाल तर लवकर बदलायचं असेल तर कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये, स्वतःच्या पैशाने बदला. सर्व्हिस बुकात नोंद होते, उद्या इंजिनाचं काही निघालं तर वाद नको. मिस्त्रीच्या हातावर शंका नाही, कागदावर आहे.

डेट्रॉइटकर
मी अमेरिकेत पिकअप चालवतो, फोर्ड. इथे ऑइल कधी बदलायचं ते गाडीच सांगते, किती टक्के आयुष्य उरलं ते पडद्यावर दिसतं. पण फोर्डच्या पुस्तकातला एक ठोकताळा तुम्हाला कामाचा आहे: गाडी उभी ठेवून इंजिन तासभर चालू राहिलं तर ते २५ मैल, म्हणजे ४० किमी चालल्यासारखं धरा. मीटरवर किलोमीटर पडत नाहीत, ऑइल मात्र म्हातारं होतं. तुमच्या दादांचं तासांचं गणित म्हणूनच बरोबर आहे. ट्रॅक्टरला किलोमीटर मोजून काय करणार?

वाशीला रांगेत इंजिन चालू ठेवता का?

धागाकर्ता
रात्री गेटवर रांग असते. एकेकदा दोन-अडीच तास जातात. पाच-दहा मिनिटांनी गाडी जरा पुढे सरकवायची असते म्हणून बंद करत नाही. खरं सांगायचं तर मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो.

सोळाचाकी
आम्ही मोठ्या गाड्या चालवतो, थोडं बोलू का. मोठ्या ट्रकचं गणित वेगळं. चेंबरमध्येच (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) २५-३० लिटर ऑइल, गाडी एकदा गरम झाली की आठ-दहा तास तशीच पळते. म्हणून तिथे कंपनी लांबचा अवधी देऊ शकते. तो आकडा ऐकून छोट्या पिकअपवाल्याने हुरळून जायचं नाही.

आणि भाऊ, घाटाचं टेन्शन घेऊ नका. तुम्ही लोड घेऊन माळशेज उतरता आणि रिकामे चढता. इंजिनाला त्यात काय त्रास? ब्रेकला असेल. उलट कोकणातून माल भरून वर येणाऱ्याने घाट मोजावा. तुमच्या गाडीचे हाल होत असतील तर ते चार किलोमीटरच्या खेपांमध्ये. सकाळी गार इंजिन चालू, तापायच्या आत बंद, अर्ध्या तासाने परत चालू. माझा एक प्रश्न: मीटरवर डीपीएफचा दिवा कधी लागला होता का?

धागाकर्ता
दोनदा लागला. गावातच होतो. बाजारात पोचलो, गाडी बंद केली. नंतर वाशीला गेलो तेव्हा गेला आपोआप. एकदा गाडी उभी असताना इंजिनाचा आवाज थोडा चढल्यासारखा वाटला आणि पंखा जोरात सुरू होता, गरम वासही येत होता. मला वाटलं पाणी कमी झालं.

सोळाचाकी
झालं, हेच. मंडळी ऑइल काळं की गोरं यात अडकली आणि मूळ दुखणं इथे आहे. स्पॅनर१९, जरा समजावून सांगा, मला टायपिंग जमत नाही.

स्पॅनर१९
सांगतो. जाळी भरली की गाडी ती काजळी स्वतःच जाळते. त्यासाठी एक्झॉस्टचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत त्यासाठी सिलिंडरमध्ये डिझेलचा एक जास्तीचा, उशिराचा फवारा मारतात. ते डिझेल पुढे एक्झॉस्टमध्ये जळणं अपेक्षित असतं, पण थोडं सिलिंडरच्या भिंतीवर चिकटतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. (काही मोठ्या ट्रकमध्ये डिझेल थेट एक्झॉस्टमध्ये सोडतात, म्हणून तिकडे हा त्रास कमी.)

आता काम अर्धवट असताना तुम्ही चावी फिरवली. काजळी राहिली तिथेच, डिझेल मात्र ऑइलमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा पहिल्यापासून फवारे मारायला लागते. असं चार-सहा वेळा झालं की ऑइल पातळ होतं. आपल्याला ऑइल कमी झालेलं कळतं, वाढलेलं कुणी बघत नाही. काल पट्टी काढलीत तेव्हा रंग बघितलात. लेव्हल बघितलीत का?

गाडी सपाट जागी लावा, चालवून आणल्यावर बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून परत घालून बघा. वरच्या खुणेच्या वर ऑइल असेल तर २० हजारांची वाट बघू नका. वास पण घ्या.

आणि पुस्तकाचं तेच पान परत उघडा. २० हजारांच्या ओळीखाली बारीक अक्षरांत कठीण वापराबद्दल काही लिहिलंय का बघा. बहुतेक पुस्तकांत असतं.

बादलीबहाद्दर
आता मलाही पट्टी बघायला जावं लागणार. झोप गेली.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)
मंडळी, उशीर झाला, माल जोरात होता.

त्याच संध्याकाळी पट्टी बघितली. वरच्या खुणेच्या वर बोटभर ऑइल. कागदाला पुसून वास घेतला, डिझेलचा वास स्पष्ट. मिस्त्रींना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ही नवीन भानगड दिसते.

पुस्तकात खरंच बारीक अक्षरांत होतं: वारंवार छोट्या फेऱ्या, जास्त वेळ उभं राहून इंजिन चालू, धुळीचा रस्ता, असा वापर असेल तर अवधी निम्मा. माझ्या गाडीला तिन्ही लागू. प्लॉटचा रस्ता तर नुसता फुफाटा आहे.

सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी लॅपटॉप जोडून बघितलं, जाळी साफ करायचं काम पाच वेळा अर्धवट सुटलेलं होतं. आधी तिथेच गाडी उभी करून ते काम पूर्ण करून घेतलं, मग ऑइल आणि फिल्टर बदलला. चेंबरच्या नटाचा वॉशरही नवा टाकला. बिल माझंच, कारण अवधीच्या आधी बदललं, पण बुकात नोंद झाली. यापुढे १० हजारांना बदलायचं ठरवलंय.

गावातल्या खेपांना आता जुना तीनचाकी टेम्पो वापरतो. पिकअप निघाली की वाशी नाहीतर पुणेच. गावात असताना दिवा लागलाच तर नारायणगाव-आळेफाटा अशी एक चक्कर मारून येतो, दिवा गेल्याशिवाय बंद करत नाही. रांगेत मात्र आता इंजिन बंद ठेवतो. मोबाइलला पॉवर बँक घेतली. दर सोमवारी सकाळी पट्टी बघून दरवाजाच्या आतल्या बाजूला लावलेल्या चिकटपट्टीवर किलोमीटर आणि लेव्हल लिहितो.

स्पॅनर१९ आणि सोळाचाकी दादा, नारायणगावला आलात तर क्रेट तुमचा.

एक भांडण मात्र मिटलेलं नाही. दादांनी माझ्याबरोबर पाच लिटरचा कॅन पाठवला होता, जळकं ऑइल आणायला. टोमॅटोच्या बांबूंच्या बुडाला लावलं की वाळवी लागत नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दिलं नाही, ते सगळं साठवून परत पाठवतात म्हणे. कॅन रिकामा आणला म्हणून दादा अजून धुसफुसताहेत. नवीन गाडी घेऊन उपयोग काय, म्हणतात.