जॉसममध्ये पांदणीचा रंग बदलत नाही, काय चुकून रायलं?

काळीमाती:
राम राम मंडळी. ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा) इतके दिवस मी ब्राउझरमधला आयडी एडिटरच वापरला, पण तालुक्यातल्या पांदणी, नाले, विहिरी इतक्या झाल्या का ब्राउझर अडकायले लागला, म्हणून गेल्या हप्त्यात जॉसम (संगणकावर टाकायचा नकाशा एडिटर) टाकलं. आता इथं साऱ्या पांदणी एकाच मातकट तुटक रेघेत दिसतात. ग्रेडनुसार (पांदण किती टणक, त्याची १ ते ५ श्रेणी) तुटक रेघेचे डॅश बदलते म्हणे, पण नजरेत भरत नाही. आमच्याकडं मुरूम टाकलेली पांदण अन् निव्वळ काळ्या मातीची पांदण यात पावसाळ्यात जमीन-अस्मानाचा फरक हाये, बैलबंडी आखापर्यंत रुतते. मॅपसीएसएस फाइल (नकाशाचे रंग-रेघा ठरवणारी स्टाइल) लिहून स्टाइलच्या यादीत टाकली तरी ग्रेड ५ लाल होईना. पांदणीले ट्रॅक (कच्ची वाट) या टॅगच्या, म्हणजे नकाशातल्या लेबलच्या, जागी दुसराच टॅग द्यू का?

धुऱ्यावरचा:
भाऊ, टॅगले हात नका लावू! स्टाइल फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसते, टॅग मात्र साऱ्या जगाच्या नकाशात जाते. रंगासाठी ट्रॅकचा पक्का रस्ता केला अन् कोणी रात्री पेशंट घेऊन त्या पांदणीत शिरला तर? ग्रेड १ म्हणजे पक्की, ५ म्हणजे मऊ माती, जमिनीवर जे हाये तेच लिहा.

वऱ्हाडी_नकाशा:
एफ१२ दाबून मॅप पेंट स्टाइल्सची यादी पहा. तुमची फाइल जॉसमच्या मूळ स्टाइलच्या वर असंल, तिले खाली न्या, कारण मागून येणारा नियम आधीच्यावर चढते. दुसरं, ग्रेडचं स्पेलिंग सारं लहान अक्षरात पाहिजे, पहिलं अक्षर कॅपिटल असलं तर जुळतच नाही. अन् नुसता रंग दिला तर मूळचे डॅश तसेच राहतात, सलग रेघ पाहिजे तर डॅशेसले नन (none, म्हणजे काही नाही) लिहा, रुंदी ४ ठेवा. फाइल बदलली का मॅप पेंट स्टाइल्सच्या पॅनलमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून रीलोड करा, दरवेळी जॉसम बंद करायची गरज नाही.

काळीमाती:
जमलं राजेहो! दोन्ही चुका होत्या, फाइल वर होती अन् ग्रेडचा जी कॅपिटल. आता नाल्यापलीकडची पांदण लालभडक दिसते. पण काही पांदणी मातकटच राहिल्या, पाहतो तं त्यांले ग्रेडच दिलेला नाही.

वऱ्हाडी_नकाशा:
मग ट्रॅकटाइपच (ग्रेड लिहायचा टॅग) नाही अशांसाठी वेगळा नियम टाका, जांभळा रंग द्या. घरी बसून ग्रेड नका भरू, वावरात जाल तेव्हा पाहून भरा.