मदत हवी आहे: जुन्या फाँटमधील मराठी पीडीएफ टॉकबॅकवर कशी वाचावी?

मी पूर्णतः अंध असून अँड्रॉइड फोन टॉकबॅक (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी सुविधा) व गूगलच्या मराठी आवाजाच्या साहाय्याने वापरतो. युनिकोडमधील, म्हणजे आजच्या प्रमाणित अक्षरसंकेतातील, मजकूर मला व्यवस्थित ऐकू येतो. अडचण आहे ती श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या पीडीएफची. डोळ्यांना त्यात देवनागरी दिसते, परंतु आत साठवलेली चिन्हे वेगळीच असल्याने टॉकबॅक निरर्थक अक्षरे उच्चारतो. ईस्पीक या दुसऱ्या वाचन-प्रणालीचा आवाज लावून पाहिला, अर्थात फरक पडला नाही, कारण दोष आवाजाचा नाहीच.

गूगल लेन्सने एकेका पानाचा स्क्रीनशॉट वाचून घेता येतो आणि जोडाक्षरांच्या काही चुका सोडल्यास मजकूर समजतो. मात्र १८० पानांच्या पाठ्यपुस्तकासाठी हे अशक्यप्राय आहे. मित्राच्या संगणकावर तीच फाइल गूगल डॉक्समध्ये उघडली, तेव्हा दोन स्तंभांतील ओळी एकमेकींत मिसळल्या. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या फाँट-परिवर्तकाचाही उपयोग झाला नाही, कारण पीडीएफमधून घेतलेल्या मजकुरातील रफार व वेलांट्या आधीच विस्कटलेल्या होत्या.

माझ्याकडे स्वतःचा संगणक नाही. वाजवी शुल्क भरण्याची तयारी आहे. संपूर्ण पीडीएफ एकाच वेळी ओळखून, स्तंभ वेगळे ठेवून मराठी युनिकोड मजकूर देणारे आणि ज्याची सर्व बटणे टॉकबॅकला वाचता येतात, असे एखादे अँड्रॉइड अ‍ॅप कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का?