ओल, दमटपणा, सादळणे: यंत्र यातलं नेमकं काय काढतं?

एडिसन, न्यू जर्सी

आमच्या घराला बेसमेंट आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथे कुबट वास यायला लागला, म्हणून एसीच्या डक्टला जोडलेला, सगळ्या घराची हवा कोरडी करणारा डीह्युमिडिफायर बसवून घेतला. दिवसाला 70 पिंट, म्हणजे साधारण 33 लिटर पाणी काढण्याची त्याची क्षमता आहे. जुलैत आई चिपळूणहून आली. जिना उतरून खाली गेली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "इथे ओल आहे गं." मी म्हटलं, ओल नाही, ह्युमिडिटी आहे, त्यासाठीच तर यंत्र लावलंय. ती म्हणाली, "मग माझे पापड दमट हवेनं सादळले म्हण, पण या कोपऱ्यात ओल आहे."

मला हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटत होते. खरंच फरक आहे का? आणि या यंत्राला मराठीत काय म्हणावं?

दापोली

फरक आहे, आणि तो तुमच्या आईंनी अचूक पकडलाय. आमच्याकडे चार महिने याच शब्दांत जातात. ओल *येते*, *धरते*, *उतरते*. म्हणजे ती कुठून तरी आलेली असते: जमिनीतून, कौलातून, फुटक्या नळातून. भिंतीला ओल धरली की आधी डाग, मग लोणा, मग पोपडे. दमट मात्र हवा *असते*. ती कुठून आली असं कोणी विचारत नाही, ती सगळीकडेच असते. आणि सादळतं ते सामान. पापड, बिस्किटं, काडेपेटी, फटाके. भिंत कधी सादळत नाही आणि पापडाला कधी ओल येत नाही. सादळलेल्या काडीला बोट लावा, पाणी लागत नाही. पण पेटीवर ओढली की गुल नुसता भुरभुरतो, पेटत नाही. म्हणून आजी काडेपेटी चुलीजवळच्या कोनाड्यातच ठेवायची.

कपड्यांना आणखी एक पायरी आहे. ओला, मग ओलसर, मग दमट, मग वाळला. दमट कपडा इस्त्रीला चांगला, कपाटात घालायला वाईट.

पुणे

आर्द्रता हा हवामान खात्याचा आणि पाठ्यपुस्तकाचा शब्द, पण तो ओलीहून फार परका नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात 'आर्द्र'ची उल्ल, ओल्ल, अल्ल अशी रूपं दिली आहेत. त्या हिशेबानं आपला 'ओला' आर्द्राच्याच घरातला. 'आलं'सुद्धा 'आर्द्रक'वरून आलेलं. ओलं असतं तोवर आलं, वाळलं की सुंठ. मला ही जोडी फार आवडते.

आता 'सापेक्ष आर्द्रता'. यातला 'सापेक्ष' शब्द लोक गाळतात आणि तिथेच घोटाळा होतो. 30 अंशांच्या 1 घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांच्या हवेत फक्त 17 ग्रॅम. बाहेर 30 अंश आणि 60 टक्के असेल, तर त्या हवेत 18 ग्रॅम वाफ आहे. तीच हवा तुमच्या गार बेसमेंटमध्ये येऊन 20 अंशांपर्यंत निवली की 18 ग्रॅम मावत नाहीत आणि भिंतीवर थेंब धरतात. म्हणजे 'कोंदट वाटतंय, खिडकी उघड' हा आपल्या अंगात मुरलेला उपाय न्यू जर्सीच्या जुलैत उलटा पडतो. कोंदट म्हणजे हवा न खेळणारं, दमट म्हणजे हवेत पाणी असणारं. खिडकी उघडून पहिलं जातं, दुसरं वाढतं.

एडिसन, न्यू जर्सी

अगदी हेच करत होते मी! रोज सकाळी खिडक्या उघडायचे आणि संध्याकाळी काट्यावर 68 दिसायचे.

पुणे

इथून पुढे खिडक्या बंद ठेवून यंत्र 50 वर लावा. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, घरात 60 च्या खाली आणि जमल्यास 30 ते 50 ठेवा असं सांगते.

नावाबद्दल: 'आर्द्रताशोषक' म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. शोषतं ते औषधाच्या बाटलीतल्या सिलिकाच्या पुडीचं काम, किंवा मिठात टाकलेल्या तांदळाच्या दाण्यांचं. हे यंत्र काही शोषत नाही. पंखा हवा ओढतो, ती थंडगार नळ्यांवरून जाते, वाफेचं पाणी होऊन टपकतं, नळीवाटे मोरीत जातं, आणि हवा पुढच्या गरम नळ्यांवरून किंचित ऊन होऊन बाहेर पडते. याला आपल्याकडे क्रियापद तयार आहे: निथळणे. मी 'हवा निथळवणारं यंत्र' म्हणेन. 'निर्जलीकरण' तर नकोच, तो जुलाबाच्या रोग्याचा शब्द झालाय.

निफाड

मी द्राक्षवाला. आमच्याकडे ओल चांगली असते. पेरणीआधी सगळे ओलीचीच वाट बघतात. पण ओल जास्त झाली की चिखल, कमी झाली की ढेकळं. मधल्या अवस्थेला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटानं ढकलला की सुटतो, तो वाफसा. तुमच्या यंत्राचा 45-50 चा आकडा म्हणजे घराचा वाफसा. हवा पार कोरडीठाक करायची नाही, वाफशावर आणायची.

दापोली

वाफसा! वा, शब्द बरोबर जागी बसला.

एडिसनकर ताई, आईंचा कोपरा तपासायचा असेल तर भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा, दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या अंगाला थेंब असतील तर ते हवेतलं पाणी. भिंतीकडच्या अंगाला असतील तर ओल. ओल असेल तर यंत्र रात्रंदिवस चालवून उपयोग नाही. ते हवा कोरडी करेल आणि भिंत मागून नवं पाणी देत राहील.

एडिसन, न्यू जर्सी

तीन ठिकाणी प्लास्टिक लावलं. दोन ठिकाणी खोलीकडून थेंब होते. आईच्या कोपऱ्यात मात्र भिंतीकडून, आतलं अंग पूर्ण पाणेरलेलं. बाहेर जाऊन पाहिलं तर पन्हळीचा पाइप बरोबर त्याच कोपऱ्याशी, पायाजवळच पाणी ओतत होता. नवऱ्यानं त्याला जोड देऊन पाणी सहा फूट लांब नेलं. यंत्र आता 50 वर आहे आणि पूर्वीसारखं सारखं चालत नाही.

आई रोज भिंतीला हात लावून येते. म्हणते, ओल हळूहळू उतरेल, घाई करू नका.

एक विचारायचं राहिलं. सादळलेले पापड कोरड्या हवेत आपोआप पूर्ववत होतात का? आई म्हणते नाही, त्यांना ऊन *दाखवावंच* लागतं. आणि ऊन 'देणे' न म्हणता 'दाखवणे' का म्हणतात, हे कुणाला माहीत आहे का?