मधला पिकअप म्हणे ‘कुठलाही चालतो’!

खारा वारा (मालवण): काल इथे गिटारच्या पिकअपवरून (तारांचा आवाज पकडणारं चुंबक आणि तारेची गुंडाळी) एकाने ठोकून दिलं, "मधला पिकअप वाजवतंय कोण, स्वस्तातला कुठलाही टाका." डोकंच फिरलं. अरे, मधला एकट्याने वाजवायला नसतोच, शेजाऱ्यांच्या जोडीने वाजवायला असतो! १९५४ च्या स्ट्रॅटला (फेंडर कंपनीची तीन पिकअपची गिटार) पिकअप निवडायला तीन खटक्यांचा स्विच होता, लोक तो दोन खटक्यांच्या मध्येच अडकवून जोडीचा आवाज काढायचे, शेवटी १९७७ ला फेंडरने पाच खटक्यांचा दिला. आता त्या २ आणि ४ नंबरच्या खटक्यांवर, म्हणजे जोडीवर, हम (सततचा घूं आवाज) मरायला मधला शेजाऱ्यांच्या उलट गुंडाळीचा, उलट चुंबकाचा लागतो. मी ‘कुठलाही’ घेतला होता, फेज उलटी निघाली, दोघांचे आवाज एकमेकांना खायचे, पडसं झाल्यासारखी गिटार वाजायची.

देवगडचो आंबो: माका विचारा. दोन हंबकरच्या (दोन कॉइलच्या पिकअपच्या) गिटारीत मधल्यासाठी सुताराने पटाशीने खाच पाडली, आणि मग पिक (तारा छेडायची चकती) दर फटक्याला मधल्यावर टक टक. दोन महिन्यात काढला. मधला नकोच!

खारा वारा: पिकअपला स्क्रू कशाला दिलेत? फिरवून खाली घे की.

गुहागरचा बाबू: हम हम काय, आधी घरचं अर्थिंग बघा. जांभ्यात मे महिन्यात काही ओल राहते का? अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्याशिवाय आमचा अँप गप्प बसत नाही. वायरमनला तीनदा सांगितलं, येतो येतो करून आंबे घेऊन गेला.

सोल्डरवाला: गिटारच्या तारांना हात लावला की थांबते ती खरखर अर्थिंगची असू शकते. सिंगल कॉइलचा (एकाच गुंडाळीच्या पिकअपचा) ५० हर्ट्झचा घूं ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा, त्याला विहीर ओतलीस तरी फरक नाही.

गुहागरचा बाबू: वीस वर्षं गणपतीच्या मंडपात वाजवतोय, मला शिकवू नको!

सोल्डरवाला: वीस वर्षं घूंच ऐकतोयस मग. गिटार धरून जागेवर गोल फिर एकदा.

गुहागरचा बाबू: फिरलो. बायको बघत होती. खिडकीकडे तोंड केलं की घूं कमी. बरं बाबा, तू शहाणा. पाणी मात्र ओतणारच.

देवगडचो आंबो: अर्थिंग झाला असात तर माझ्या खाचेचा काय ता सांगा.

खारा वारा: २ आणि ४ वर हंबकरच्या दोनातली कुठली कॉइल चालू राहते ते बघ, तिच्या उलट गुंडाळीचा नि उलट चुंबकाचा मधला घे. खाच परत नीट करून घे.

देवगडचो आंबो: सुतार मखरात अडकलो हा. चतुर्थीनंतर बघू.