विंडोज १० असलेला जुना संगणक पुढे वापरावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या घरच्या संगणकावर विंडोज १० आहे आणि त्यात टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) नसल्यामुळे तो विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा दुरुस्त्या वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. यंत्र उत्तम चालत असल्याने ते टाकून देणे मनाला पटत नाही, परंतु आई-वडील त्यावरच बँकेचे व्यवहार करतात, म्हणून काळजी वाटते.

ब्राउझर आणि अँटिव्हायरस अद्ययावत ठेवले की पुरेसे आहे, असे अनेकजण सांगतात. मला ते अपुरे वाटते, कारण अँटिव्हायरस घातक फाइल ओळखू शकला तरी मूळ प्रणालीतील त्रुटी तशीच उघडी राहते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर पसरले, तेव्हा संबंधित त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न बसवलेल्या संगणकांत ते वापरकर्त्याने काहीही न उघडता नेटवर्कवरून शिरत होते.

विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी मूळ प्रणाली बसवल्यास देवनागरी टंकलेखन, प्रिंटर आणि जुने दस्तऐवज नीट चालतील का, हे ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी कृपया सांगावे. ते शक्य नसल्यास बँकेचे काम दुसऱ्या उपकरणावर नेऊन हा संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडणे योग्य ठरेल का? शिवाय फाइली पेनड्राइव्हने आणाव्या लागतील, त्या मार्गाने येणारा धोका कसा रोखावा? राउटरचे फर्मवेअरही (त्याच्या आतील सॉफ्टवेअर) बरेच जुने आहे. आधी तेच अद्ययावत करावे का?