मदत हवी आहे: सोसायटीतल्या गाड्यांचं चार्जिंग आळीपाळीने कसं लावायचं?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी ऑफिसातून आलं की सगळे एकदम चार्जर लावतात. त्याच वेळी लिफ्ट, एसीही चालू. परवा मेन ब्रेकर पडला, मीटररूममध्ये वायर तापल्याचा वास येत होता. फार काळजी वाटते.

७.२ किलोवॅटचे पाच चार्जर एकत्र म्हणजे ३६ किलोवॅट! खरं तर रोजच्या चाळीसेक किलोमीटरला सहा-सात युनिट पुरतात, म्हणजे गाडीमागे तासभर. रात्री आळीपाळीने सहज भागेल. मंजूर भार (म्हणजे वीज कंपनीने सोसायटीला ठरवून दिलेली वीजवापराची मर्यादा) वाढवण्याआधी हेच करावं असं माझं मत.

एकूण लोड बघून चार्जरचा करंट आपोआप कमी करणारी यंत्रणा कुणी बसवली आहे का? वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर तिला चालतात का? आणि पहाटेचा नंबर घ्यायला सभासदांना कसं राजी केलंत?