आईच्या रक्ताच्या तपासणीवरून बाळाचा थॅलेसेमिया कळतो का?

प्रश्न – कृष्णाकाठ

नमस्कार. आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि त्याला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आल्याने होणारा रक्ताचा गंभीर आजार, आहे. दर एकवीस दिवसांनी त्याला रक्त चढवावे लागते. खाटेवर बसला की तो आपणहून डावा हात पुढे करतो, कारण उजव्या हाताची शीर गेल्या वर्षापासून सापडेनाशी झाली आहे. आम्ही दोघेही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे एकच दोष असलेले वाहक, आहोत हे आम्हाला त्याच्या आजारानंतरच कळले. त्याच्या वेळी माझे हिमोग्लोबिन ९.४ आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६३ होते. तेव्हा फक्त लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या, मायनर ओळखणारी हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी कोणी सुचवली नाही.

आता मी पुन्हा गरोदर असून नववा आठवडा सुरू आहे. अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर वारेचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, म्हणजे सीव्हीएसचा सल्ला डॉक्टरांनी दिला आहे. पोटात सुई घालणार म्हटल्यावर सासूबाईंनी धसका घेतला आहे. माझ्या आतेबहिणीने तिच्या वेळी एनआयपीटी केली होती, म्हणजे फक्त दंडातून रक्त दिले होते, आणि त्यात बाळाचे सगळे जनुकीय दोष कळतात असे ती ठामपणे सांगते. हे संशोधन हाँगकाँगच्या एका शास्त्रज्ञाचे आहे आणि त्यांनी ते थॅलेसेमियावरही केले आहे, असे माझ्या वाचनात आले. मग ती तपासणी आम्हाला का चालत नाही? आम्हा दोघांच्या अहवालात 'आयव्हीएस १-५' हे एकच उत्परिवर्तन (जनुकातला बदल) लिहिलेले आहे. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात माझा रक्तदाब वाढला होता. त्याविषयीही या रक्तातून काही कळत असल्यास कृपया सांगावे.

उत्तर – रेणुसूत्र

ताई, मी रेणवीय निदानाच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आधी उत्तर सांगतो: डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे आणि सध्या मिळणारी एनआयपीटी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

तुम्ही वाचलेले शास्त्रज्ञ म्हणजे डेनिस लो. १९८९ पासून सुमारे आठ वर्षे ते आईच्या रक्तात बाळाच्या पेशी शोधत होते. अशा पेशी सापडतात, पण इतक्या थोड्या की त्यांवर तपासणी उभी राहत नाही. १९९६ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, गाठीचा डीएनए सापडल्याचे शोधनिबंध आले. ते वाचल्यावर त्यांच्या मनात आले की आईच्या शरीरात रुजलेली वारही काही अंशी अशा गाठीसारखीच वाढते, मग बाळाचा डीएनए पेशींबाहेर, थेट रक्तद्रवातच सुटा असेल का? आजवर सगळे पेशी ठेवून रक्तद्रव ओतून देत होते, त्यांनी तो रक्तद्रवच हाती घेतला. इन्स्टंट नूडल्स शिजवतात तसा तो पाच मिनिटे उकळला आणि त्याच्या अगदी थोड्या थेंबात, फक्त पुरुषांकडे असणाऱ्या वाय गुणसूत्राचा तुकडा शोधला. पोटात मुलगा असलेल्या ३० गरोदर स्त्रियांपैकी २४ जणींच्या रक्तद्रवात तो सापडला. १९९७ च्या ऑगस्टमध्ये 'द लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. काम ऑक्सफर्डमध्ये झाले होते, पण त्याच वर्षी ते हाँगकाँगला परतले आणि पुढचे सगळे संशोधन तिथल्या चायनीज युनिव्हर्सिटीत झाले. २०२२ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्रातला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता तुमच्या आतेबहिणीची तपासणी. आईच्या रक्तद्रवातल्या सुट्या डीएनएपैकी दहाव्या-बाराव्या आठवड्यात साधारण दहा टक्के बाळाकडचा, म्हणजे खरे तर वारेकडचा असतो. बाकीचे नव्वद टक्के आईचेच. डाऊन सिंड्रोममध्ये बाळाकडे एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. म्हणून त्या गुणसूत्राचे तुकडे मोजले तर एकूण संख्या सुमारे पाच टक्क्यांनी जास्त भरते. हा फरक बारीक आहे, पण त्या एका गुणसूत्राची लांबी डीएनएच्या साडेचार कोटी अक्षरांहून अधिक असल्यामुळे लक्षावधी तुकडे मोजता येतात आणि फरक उघड होतो. २००८ मध्ये लो यांच्या गटाने आणि अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गटाने हे दाखवून दिले. एनआयपीटी ही अशी मोजणी आहे. ती गुणसूत्रांची संख्या पाहते, थॅलेसेमियाचे जनुक पाहतच नाही. त्यामुळे तिचा अहवाल 'नॉर्मल' आला तरी बाळाला थॅलेसेमिया मेजर असू शकतो. हे वाक्य घरी सर्वांना वाचून दाखवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण या गैरसमजापायी निर्धास्त राहिलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

मग थेट जनुक का पाहू नये? पाहता येते, पण कोणत्या जोडप्यात हे महत्त्वाचे आहे. वडिलांचे उत्परिवर्तन आईपेक्षा वेगळे असेल तर काम सोपे होते. आईकडे नसलेले ते अक्षर तिच्या रक्तद्रवात सापडले नाही, तर बाळाने ते घेतलेले नाही आणि त्याला मेजर होणार नाही. तुमच्याकडे मात्र दोघांचेही आयव्हीएस १-५ आहे, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकातल्या एकाच जागी 'जी'ऐवजी 'सी'. भारतात हेच सर्वांत जास्त आढळते. तुमच्या रक्तद्रवात ते अक्षर असणारच आहे, कारण ते तुमचे स्वतःचे आहे. ते कोणाकडून आले हे त्या तुकड्यावर लिहिलेले नसते.

अशा वेळी उरते ते प्रमाण. शंभर तुकडे घेतले, त्यांतले नव्वद तुमचे आणि दहा बाळाचे, तर तुमच्यातले पंचेचाळीस दोषाचे आणि पंचेचाळीस चांगले. बाळ मेजर असेल तर त्याचे दहाही दोषाच्या बाजूला पडतात आणि प्रमाण ५५ ला ४५ होते. बाळ मायनर असेल तर ते ५० ला ५० राहते. पूर्ण निरोगी असेल तर ४५ ला ५५. कागदावर हे स्वच्छ दिसते. पण इथे अख्खे गुणसूत्र नाही, एकच जागा आहे, आणि रक्ताच्या एका नळीत त्या जागेचे मोजण्याजोगे तुकडे जेमतेम हजार-दोन हजार मिळतात. बाळाचा वाटा दहाऐवजी चार टक्के निघाला, तर ५२ आणि ५० यांतला फरक नशिबाने पडला की खरा, हे ठरवणे अवघड होते. २०१० मध्ये लो यांच्या गटाने थॅलेसेमियाच्या वाहक जोडप्याच्याच नमुन्यावर काम करून, एका जागेऐवजी शेजारच्या अनेक खुणा एकत्र मोजण्याची पद्धत दाखवली. ती चालते. दोषासोबत कोणत्या खुणा येतात हे तुमच्या मुलाच्या डीएनएवरून जुळवताही येईल. परंतु जिच्यावर विसंबून तुमच्यासारख्यांनी निर्णय घ्यावा अशी रुळलेली तपासणी ती आपल्याकडे झालेली नाही.

सीव्हीएसमध्ये वारेचा तुकडा थेट हाती येतो आणि तुमचे उत्परिवर्तन आधीच माहीत असल्यामुळे नेमकी तीच जागा वाचली जाते. अनुभवी केंद्रात या सुईमुळे गर्भपात होण्याचा धोका शेकडा एकाहून कमी असतो, तर बाळाला मेजर असण्याची शक्यता शेकडा पंचवीस आहे. पहिल्याला झाला म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही.

उत्तर – उल्हासनगरचा बाबा

वहिनी, माझी मुलगी आता अकरावीत आहे आणि तिलाही तुमच्या मुलासारखेच रक्त लागते. धाकट्याच्या वेळी आम्ही सीव्हीएस केली. पत्नीला आधी सोनोग्राफीवर जागा दाखवली, मग भूल दिली. सुई आत असण्याचा वेळ एक-दोन मिनिटांचाच होता. तो तुकडा खारट पाण्याच्या बशीत पांढऱ्या शेवाळासारखा तरंगत होता आणि आईकडचा भाग त्याला चिकटला नाही ना, हे डॉक्टरीणबाई भिंगाखाली सुईच्या टोकाने वेचून पाहत होत्या. अहवालाची वाट पाहण्याचे दहा दिवस आम्हाला सुईपेक्षा फार जड गेले.

जाताना दोघांचे आणि मुलाचे, असे तिघांचे उत्परिवर्तनाचे मूळ अहवाल सोबत ठेवा. आमचा एक अहवाल हरवला होता, तो पुन्हा करण्यात आठवडा गेला. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, तिथे हिमोग्लोबिनच्या आजारांचे गर्भनिदान अनेक वर्षे होत आले आहे. साताऱ्या-सांगलीकडून येणार असाल तर तारीख आधी नक्की करून घ्या.

उत्तर – प्रसूतितज्ज्ञ, विदर्भ

वरची दोन्ही उत्तरे योग्य आहेत. मी रक्तदाबाविषयी आणि कायद्याविषयी थोडे लिहिते.

१९९९ मध्ये लो यांनीच दाखवले की प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा विकार) झालेल्या स्त्रियांच्या रक्तात बाळाकडच्या डीएनएचे प्रमाण सुमारे पाचपट असते. या विकाराचे मूळ वारेत असल्यामुळे, आजारी वारेतून जास्त डीएनए झिरपावा हे समजण्यासारखे आहे. पण एखाद्या स्त्रीला पुढे हा विकार होईल की नाही, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. तुमच्या बाबतीत आधीच्या खेपेचा इतिहास हीच मोठी माहिती आहे. तो डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि कमी मात्रेतील ॲस्पिरिनविषयी आत्ताच विचारा, कारण ते द्यायचे ठरले तर सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करावे लागते. सीव्हीएसची तारीख लक्षात घेऊन ते कधी सुरू करायचे, हे त्यांनाच ठरवू द्या.

दुसरे असे की, या शोधाचा पहिला पुरावाच वाय गुणसूत्र हा होता. ज्या राज्याला १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला, तिथे हे विसरून चालणार नाही. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार थॅलेसेमियासारख्या आजारासाठी सीव्हीएस करणे पूर्णपणे वैध आहे. त्यासाठी तुमची लेखी संमती घेतली जाते आणि तिची प्रत तुम्हाला मिळते. बाळाचे लिंग मात्र तुम्हाला कोणीही सांगणार नाही, आणि नातेवाइकांपैकी कोणी विचारू लागले तर त्यांना तुम्हीच थांबवावे.

आणखी एक विनंती. तुमची बहीण, दीर, नणंद यांपैकी कोणाचे लग्न ठरत असेल, तर त्यांची ए-टू तपासणी आधी करून घ्या. ९.४ आणि ६३ हे आकडे समोर असूनही ती तपासणी राहून जाते, हे मी माझ्या भागातही पाहिले आहे, आणि दर वेळी वाईट वाटते.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. पंचावन्न-पंचेचाळीसचे गणित मी काल सासूबाईंना शेंगदाण्यांवर मांडून दाखवले. "म्हणजे तुझेच दाणे जास्त आहेत, बाळाचे त्यांत हरवून जातात," असे त्या म्हणाल्या आणि सीव्हीएसला तयार झाल्या. पुढच्या गुरुवारी अकरा आठवडे आणि तीन दिवस होतील, तेव्हाची तारीख मिळाली आहे. तिन्ही अहवाल पिशवीत घातले आहेत. माझा रक्तगट बी निगेटिव्ह आणि यांचा ओ पॉझिटिव्ह आहे. त्याने काही फरक पडतो का?

रेणुसूत्र

ताई, पडतो, आणि विचारलेत ते फार चांगले केलेत. सीव्हीएसच्या वेळी बाळाचे थोडे रक्त तुमच्या रक्तात मिसळू शकते, म्हणून नंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे, म्हणजे बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तुमच्या शरीरात प्रतिपिंडे बनू न देणारे, इंजेक्शन घ्यावे लागते. खोलीत जाण्यापूर्वीच रक्तगट सांगा आणि इंजेक्शन तिथे उपलब्ध आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचा धागा इथेही आहे. निगेटिव्ह रक्तगटाच्या बहुतेक स्त्रियांकडे रक्तगट पॉझिटिव्ह ठरवणारे आरएच-डीचे जनुक नसतेच, त्यामुळे ते तुमच्या रक्तद्रवात सापडले तर बाळाचेच समजायचे. १९९८ मध्ये लो यांनी ही तपासणी करून दाखवली आणि युरोपातल्या काही देशांत ती आज गरोदर स्त्रियांसाठी नेहमीची झाली आहे. तुमच्या दाण्यांच्या भाषेत सांगायचे तर तिथे बाळाचा दाणा वेगळ्या रंगाचा असतो. गुरुवारी काय झाले ते सवडीने कळवा.